कापशी का चावली? सशाच्या स्वभावाचा मागचा इतिहास



मुगाची काढणी उरकली, बाजरी निसवलीय, पावसाने चार दिवस उघडीप दिलीय. म्हणजे लिहायला वेळ आहे. एरवी या पानावर मी कांदा, तूर आणि पाण्याच्या पाळ्या यांच्याबद्दल लिहितो. आज सशाबद्दल लिहिणार आहे. हसू नका. मागच्या दिवाळीपासून आमच्या घरात एका सशावरून जे रामायण झालं, त्यामुळे मला बरंच वाचावं लागलं, आणि वाचता वाचता गोष्ट पार रोमन लोकांपर्यंत गेली.

आमच्या धाकटीची ससुली आहे. पांढरी, लाल डोळ्यांची, म्हणून नाव कापशी. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या बाजारातून आणली. दीड वर्ष गरीब गाय होती. पोरगी शाळेतून आली की पायात घोटाळायची, मांडीवर बसायची, दात हलके कुरकुरत डोळे मिटायची. दिवाळीनंतर तिचं बिनसलं. पिंजऱ्यात हात घातला की घुरघुर करून अंगावर यायची. कोपरा उकरायची. एक दिवस धाकटी खाण्याची वाटी उचलायला गेली तर बोटाला कचकन चावली, रक्त आलं. जखम साबणाने धुतली, दवाखान्यात दाखवून आणली. पण गावाला विषय मिळाला. कोण म्हणे ससा पिसाळला, कोण म्हणे बाहेरची बाधा. माझी आई म्हणाली, "येडी झालीय ती, देऊन टाक कुणाला तरी." मलाही तेच बरं वाटलं. वस्तीवरचा एक जण न्यायला तयार होता. तो कशासाठी नेणार होता हे सांगायला नको. पोरीला ते समजलं, आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कापशी तोंडात गवताच्या काड्यांचा भारा आडवा धरून कोपऱ्यात नेत होती, आणि गळ्याखालचे, पोटाचे केस स्वतःच्या दाताने उपटून त्यात अंथरत होती. आमचे जनावरांचे डॉक्टर गायीला तपासायला आले होते, त्यांना दाखवलं. माणूस सरळ आहे. म्हणाले, "सशाचं मला फार कळत नाही, पण ही विणार असल्यासारखं करतेय." आता नर जवळ नाही तर विणार कशी? मग धाकटीनेच सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या पोरांनी त्यांची ससुली खेळायला आणली होती, आणि दोघी एकमेकींवर चढत होत्या. पोरांना गंमत वाटली. दिवस मोजले तर सतरा झाले होते.

ही सगळी हकीकत कळायला आपल्याला आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. मराठीत आपण दोन वेगळ्या जनावरांना एकच शब्द वापरतो. हरभऱ्याच्या रानात पहाटे टॉर्च मारली की टणाटण उड्या मारत जातो तो आपला रानससा. आणि बाजारात पिंजऱ्यात मिळतो तो पाळीव ससा. नावाने भाऊ, पण नातं लांबचं. रानससा बीळ करत नाही. झुडपाखाली, गवतात जमीन जराशी दाबून बसतो, एकट्याने राहतो, आणि त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात. पाळीव ससा मुळात बिळात राहणारा, कळपाने राहणारा. त्याची पिल्लं उघडी, आंधळी, उंदराच्या पिल्लासारखी. दोघांचा संकरही होत नाही. कोजागिरीला चंद्रावर आपण जो ससा दाखवतो, ज्याच्यावरून चंद्राला शशांक म्हणतात, तो आपला रानससा. पिंजऱ्यातला ससा आपल्या देशातला नाहीच. (जाता जाता: रानातून रानसशाचं पिल्लू उचलून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि पिल्लू एकटं दिसलं तरी बहुतेक वेळा आई जवळपासच असते.)

पाळीव सशाचं मूळ गाव स्पेन आणि पोर्तुगाल. तिथल्या कोरड्या, झुडपी माळावर तो बिळं करून राहायचा. फिनिशियन दर्यावर्दींनी त्या किनाऱ्याला जे नाव दिलं त्यावरूनच पुढे हिस्पानिया आणि स्पेन झालं, आणि त्या नावाचा अर्थ सशासारख्या एका प्राण्याचा देश असा होता, असं एक मत आहे. ते खरं-खोटं काहीही असो, रोमन सम्राट हेड्रियनच्या नाण्यावर हिस्पानियाच्या मूर्तीच्या पायाशी ससा कोरलेला आहे हे नक्की.

रोमन लोकांनी ससे भिंतीच्या आवारात ठेवायला सुरुवात केली. वॅरो नावाच्या लेखकाने इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास शेतीवर पुस्तक लिहिलं. वय ऐंशी, आणि पुस्तक लिहिलं ते बायकोने शेत विकत घेतलं म्हणून तिच्यासाठी. त्यात तो आवारातल्या सशांचं सांगतो आणि स्पेनच्या बिळात राहणाऱ्या जातीचा वेगळा उल्लेख करतो. म्हणजे जी गोष्ट मी पन्नाशीत शिकलो ती त्याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती. प्लिनी तर सांगतो, की बॅलिआरिक बेटांवर सशांनी पिकं इतकी खाल्ली की तिथल्या लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे लष्कर मागितलं. रानडुकरांसाठी वनखात्याकडे अर्ज करून थकलेल्या आपल्या लोकांना ही मागणी अजिबात जास्तीची वाटणार नाही.

पुढचा एक किस्सा बऱ्याच पुस्तकांत सापडतो. इसवी सन ६०० च्या आसपास पोपने सशाच्या नवजात पिल्लांना उपवासाला चालणारं ठरवलं, म्हणून फ्रान्समधल्या मठांतल्या साधूंनी ससे पाळीव केले. गोष्ट झकास आहे, पण खोटी. २०१८ साली ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी कागद उलटून पाहिले तेव्हा पोपचा असा हुकूमच सापडला नाही. ग्रेगरी नावाच्या एका बिशपच्या लिखाणातली एक ओळ कुणीतरी त्याच नावाच्या पोपला चिकटवली आणि बाकीच्यांनी तीच उतरवून काढली. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरणारे औषधांचे नुस्खे आठवा.

खरं म्हणजे ससा एका दिवसात, एका माणसाने पाळीव केला असं नाही. आधी रोमन आवार, मग मध्ययुगातल्या इंग्लंड-फ्रान्समधल्या राखीव सशांच्या जागा. इंग्लंडमध्ये ससे नॉर्मन लोकांच्या काळात गेले. तिथला गारवा त्यांना सुरुवातीला झेपेना, म्हणून लोकांनी भुसभुशीत मातीचे लांबट उंचवटे घालून दिले, आयती बिळं. राखायला रखवालदार. थेटफर्डला त्या रखवालदाराचं दगडी घर अजून उभं आहे, साधारण १४०० सालातलं. पिंजऱ्यात पिढ्यानपिढ्या वाढवून, रंग, कान, आकार निवडून जाती तयार करणं हे त्या मानाने अलीकडचं, काही शतकांचं काम. गाय, शेळी, कुत्रा हजारो वर्षं आपल्यासोबत आहेत. ससा त्यांच्या पुढे कालचा पाहुणा.

हे मला महत्त्वाचं वाटलं ते असं. २०१४ साली स्वीडन-पोर्तुगालच्या शास्त्रज्ञांनी जंगली आणि पाळीव सशांची जनुकं तपासली. 'पाळीवपणाचं' असं एकच जनुक सापडलं नाही. फरक खूप ठिकाणी थोडा थोडा, आणि त्यातला बराचसा मेंदू व मज्जासंस्था घडवणाऱ्या भागांच्या आसपास. चार वर्षांनी मेंदूचे फोटो काढले तेव्हा दिसलं, की पाळीव सशात भीती जागवणारा भाग लहान झालाय आणि त्या भीतीला आवर घालणारा पुढचा भाग मोठा. म्हणजे माणसाने सशाची भीती कमी केली. पण बीळ उकरणं, घर राखणं, पिल्लासाठी केस उपटणं, धोका दिसला की मागचा पाय आपटणं, दुखणं लपवणं, हे सगळं तसंच राहिलं. कापशीच्या अंगात स्पेनचा माळ अजून शाबूत आहे.

याचा पुरावा हवा असेल तर ऑस्ट्रेलिया बघा. आपल्या कृषी पदवीधर मित्रांना ही गोष्ट अर्धी माहीत असेल, पण उरलेली अर्धी जास्त कामाची आहे. १७८८ साली इंग्रजांचं पहिलं जहाजांचं काफिलं तिथे गेलं त्यात ससे होते. नंतरही अनेकदा नेले. सत्तर वर्षं काही विशेष घडलं नाही. मग १८५९ च्या नाताळात व्हिक्टोरिया प्रांतातल्या बार्वन पार्क इस्टेटीचा मालक थॉमस ऑस्टिन याच्याकडे शिकारीच्या हौसेसाठी चोवीस ससे उतरले. पन्नासेक वर्षांत जवळपास अख्खं खंड सशांनी भरलं. आधीच्या सशांनी का नाही भरलं? २०२२ साली जनुकं तपासून कळलं, की पसरलेल्या सशांचं मूळ बहुतांश त्या एकाच खेपेत आहे, आणि त्या खेपेत जंगली रक्ताचे ससे होते. ऑस्टिनच्या घरच्यांनी इंग्लंडच्या रानातून पकडून पाठवलेले. आधीचे ससे लोंबत्या कानांचे, रंगीबेरंगी, माणसाळलेले. ते कुत्र्यासमोर उभे राहिले असतील तसेच, आणि संपले. तोच प्राणी, तीच जात. भीती शाबूत असलेला टिकला.

तिथल्या शेतकऱ्यांचं पुढे जे झालं ते वाचताना पोटात कालवतं. चारा संपला, मेंढ्या मेल्या, माती उडाली, लोक जमिनी सोडून गेले. पश्चिम भागात १९०१ ते १९०७ या काळात सशांना अडवायला अठराशे किलोमीटरहून लांब कुंपण घातलं, पण ससे कुंपण पुरं व्हायच्या आधीच पलीकडे होते. १८८७ ला न्यू साउथ वेल्स सरकारने उपाय सुचवणाऱ्याला २५,००० पौंडांचं बक्षीस लावलं. साक्षात लुई पाश्चरने आपला भाचा कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू देऊन सिडनीला पाठवला. दिलेले ससे मेले, पण रोग सशाकडून सशाकडे हवा तसा पसरेना, आणि सरकारने परवानगी दिली नाही. शेवटी १९५० मध्ये मिक्सोमा विषाणू सोडला. दक्षिण अमेरिकेतल्या सशांना त्याने फारसं काही होत नाही, युरोपीय सशाला मात्र मरण. डासांनी तो नदीकाठाने पसरवला. सुरुवातीला शंभरातले नव्व्याण्णव मरायचे. त्याच सुमारास त्या भागात माणसांना मेंदूज्वर झाला आणि लोक घाबरले, तेव्हा फेनर, बर्नेट आणि क्लूनीज रॉस या तीन शास्त्रज्ञांनी तो विषाणू स्वतःला टोचून दाखवला. काही झालं नाही. नंतर विषाणू सौम्य झाला, ससे प्रतिकारक झाले, आणि संख्या पुन्हा चढली. एकाच औषधाची फवारणी वारंवार केल्यावर आपल्या रानात अळीचं जे होतं तेच.

आता यातला माझ्यासाठी खरा भाग. सशाचा स्वभाव ज्यांनी नीट अभ्यासला ते बहुतेक लोक सशाला कमी कसं करायचं या कामावर होते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेत रोमन मायकिटोविच नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी सशांच्या वसाहती कुंपणात ठेवून वर्षानुवर्षं पाहिल्या. ससा हनुवटी वस्तूंवर घासतो ना, ते लाडाने नाही. हनुवटीखाली ग्रंथी असते, तिचा वास लावून तो 'हे माझं' असं लिहून ठेवतो. कळपातल्या वरच्या नराची ही ग्रंथी मोठी असते आणि तो जास्त घासतो. लेंड्यांचे ढीगसुद्धा हद्दीचे दगडच. म्हणजे दुसऱ्या सशाच्या वासाचे हात घेऊन तुम्ही त्याच्या पिंजऱ्यात गेलात, तर त्याच्या लेखी तुम्ही बांध कोरलाय. बांध कोरल्यावर आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच.

दुसरा माणूस रोनाल्ड लॉकली, वेल्सचा. याची गोष्ट वाचताना मला माझीच आठवण झाली. १९२७ साली याने स्कोखोम नावाचं वाऱ्याने झोडपलेलं बेट भाड्याने घेतलं. बेत काय, तर तिथे चिंचिला जातीचे ससे वाढवून पोट भरायचं. तो बेत काही तडीस गेला नाही. पुढे तो पक्ष्यांच्या अभ्यासाकडे वळला आणि १९५० च्या दशकात, मिक्सोमा युरोपात पसरल्यावर, ऑरिअल्टन नावाच्या इस्टेटीवर सशांचा अभ्यास करायला बसला. कुंपणातल्या वसाहती, काचेतून आत बघता येतील अशी बिळं. सशांच्या कळपात राजा-राणी कशी ठरतात, मादी बिळाच्या जागेसाठी किती भांडते, गर्दी आणि ताण वाढला की पोटातली पिल्लं अंगातच कशी जिरून जातात, हे सगळं त्याने १९६४ च्या पुस्तकात लिहिलं. रिचर्ड ॲडम्सची सशांवरची गाजलेली कादंबरी याच पुस्तकाच्या आधारावर उभी आहे.

आता माझं. सोळा वर्षांपूर्वी मीही ससे केले होते. एका कंपनीचा माणूस गावात आला. सात माद्या, तीन नर असं एक युनिट, पिल्लं आम्हीच परत घेणार, लेखी करार. मी दोन युनिटं घेतली, कर्ज काढून. त्यातही सोव्हिएत चिंचिला होते. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी पिंजरे एकाला एक लावले. कंपनीने पहिली खेप उचलली, दुसऱ्या खेपेला फोन बंद. ते पैसे गेले ते गेले. पण मला आज आठवतं ते वेगळंच. त्या मे महिन्यात माद्या आपसात फाडायच्या, पिल्लं टाकून द्यायच्या, काही खायच्या. मी म्हणायचो जातच वाईट. आणि ज्या माद्या कोपऱ्यात अंग चोरून शांत बसायच्या त्यांना मी 'गुणी' म्हणायचो. त्याच दुसऱ्या दिवशी मेलेल्या सापडायच्या. मी मोजत होतो फक्त किलो.

परत कापशीकडे येतो. गायीसारखी ससुली एकवीस दिवसांनी माजावर येत नाही. तिचं बीज समागमानंतरच सुटतं, साधारण दहा-बारा तासांनी. केंब्रिजच्या वॉल्टर हीपने १९०५ मध्ये हे दाखवून दिलं. (याच हीपने १८९० साली एका सशाचा गर्भ दुसऱ्या मादीत ठेवून पिल्लं जन्माला घातली. आज आपल्या गोठ्यात गीर-साहिवालच्या भ्रूण प्रत्यारोपणाची चर्चा चालते, त्याची पहिली यशस्वी खेप सशात झाली.) पण शरीराला नर लागतोच असं नाही. दुसरी मादी चढली तरी चालतं. बीज सुटतं, फळत नाही, पण अंगाला वाटतं गाभण आहे. ही खोटी गाभण सोळा ते अठरा दिवस टिकते, आणि शेवटी मादी घरटं करते. खरी गाभण असती तर एकतीस दिवस. आमचे सतरा दिवस बरोबर बसले.

आणि चावणं? रानातली मादी विणायला वसाहतीपासून बाजूला छोटं बीळ उकरते, गवत आणि स्वतःचे केस अंथरते, पिल्लं झाली की तोंड मातीने बंद करून निघून जाते आणि चोवीस तासांत साधारण एकदाच, काही मिनिटांसाठी दूध पाजायला येते. मुद्दाम. सारखी ये-जा केली तर कोल्ह्याला माग लागेल. अशा वेळी घरट्याच्या तोंडाशी जो कुणी येईल तो वैरीच. आमच्या पोरीचा हात त्या दिवशी तोच होता.

उपाय म्हणून आम्ही काहीच ग्रेट केलं नाही. लाकडी खोकं दिलं, त्यात भरपूर वाळलं गवत. घरटं मोडलं नाही. चार-पाच दिवस हात आत घालायचा बंद केला, वाटी दाराशीच. स्वच्छता ती बाहेर आल्यावर. उकरायला एका जुन्या घमेल्यात माती भरून ठेवली. वरून हात आणायचा नाही हेही पोरीला सांगितलं. सशाला वरून येते ती घार. जमिनीवर बसायचं, बाजूने हात पुढे करायचा, तिने हुंगलं की कपाळावरून फिरवायचा. आठवड्यात कापशी पुन्हा मांडीवर. शेजारची ससुली आता लांबूनच दाखवतात.

इथे गोष्ट संपली असती. पण चैत्र संपताना दुसरा बदल आला, आणि तो आम्ही जवळजवळ चुकवला. या खेपेला ती चावली नाही. उलट फार शांत झाली. पोरगी उचलायची तर विरोध नाही. आई म्हणाली, "बघ, शेवटी वळण लागलं." मीही मान हलवली. संध्याकाळी पिंजऱ्याखालचा ट्रे झाडायला गेलो तर ट्रे कोराच. सकाळपासून एक लेंडी नाही. वाटी भरलेली. ती पाठ वर काढून, पोट दाबून बसलेली, आणि दात वाजवत होती. लाडातली कुरकुर नाही, मोठ्याने, करकर. मला शेडमधल्या त्या 'गुणी' माद्या आठवल्या आणि हातपाय गार पडले.

सशाचं पोट थांबलं की वेळ फार कमी असतो. त्याला ओकता येत नाही. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या पिशवीत चारा आंबतो, तिथून मऊ लेंड्या तयार होतात आणि ससा त्या थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. आपल्याला किळस वाटते, पण ते त्याचं रवंथ आहे. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ लाच हे लिहिलं होतं. जग विसरलं, आणि १९३९-४० मध्ये पुन्हा शोधावं लागलं. हे चक्र चालू ठेवायला भरड चारा सतत लागतो. आणि आमच्याकडे त्या पंधरवड्यात काय झालं होतं? वाळलं गवत संपलं होतं, कडबा महाग म्हणून गायींना पुरवून पुरवून. कापशीला गोळी पेंड आणि पाहुण्यांनी दिलेली बिस्किटं. वर पत्र्याची पडवी, बाहेर एकेचाळीस अंश. सशाला घाम जवळपास येतच नाही, उष्णता निघते ती कानांतून. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो.

त्याच रात्री दुचाकीवर, पोरगी मागे, ओल्या फडक्यात गुंडाळलेली टोपली मांडीवर, असं शहरातल्या एका डॉक्टरकडे गेलो जे ससे बघतात. त्यांनी आधी पोट तपासलं, फुगून टणक तर झालं नाही ना ते पाहिलं. मग सलाईन, वेदनेचं औषध, आणि भिजवलेली पेंड सिरिंजने थोडी थोडी भरवायला लावली. पहाटे चारला पहिली लेंडी पडली. वाटाण्याएवढी पण नव्हती. पोरीने मला उठवून दाखवली. एवढ्या आनंदाने तिने मला दहावीचा निकालही दाखवला नसता.

डॉक्टरांनी तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या त्या ससे पाळणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवाव्यात. गायी-कुत्र्यांची उरलेली औषधं सशाला देऊ नका. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन तोंडावाटे दिलं की आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा जातो. आणि गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर लावायचं फिप्रोनिल सशाला विष आहे. तेच फिप्रोनिल आपण भातावर, उसावर वापरतो. फवारणीच्या हाताने, फवारलेल्या बांधाचं गवत सशाला घालू नका.

तिसरी गोष्ट अजून लटकलेली आहे. खोटी गाभण वारंवार होऊ शकते, आणि न विणलेल्या, वय झालेल्या ससुलीला गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण बरंच असतं. म्हणून गर्भाशय काढून टाकायचा सल्ला आहे. भूल दिल्यावर सशाला धोका असतो, खर्चही आहे. पोरगी म्हणते करूया, माझी आई म्हणते सशाचं कसलं ऑपरेशन. कांद्याची पट्टी आल्यावर बघू असं मी म्हटलंय. पोरगी रोज बाजारभाव विचारते.

सध्या कापशीचा मुक्काम पत्र्याखालून हलवून माजघरातल्या फरशीवर आहे, शेजारी मारवेलचं वाळलं गवत. मी रोज सकाळी आधी ट्रे बघतो, मग दूध काढायला जातो. परवा रात्री दोनच्या सुमारास ती मागचा पाय धाडधाड आपटायला लागली. आधी असतं तर ओरडलो असतो. या वेळी टॉर्च घेऊन बाहेर गेलो. मागच्या बांधावर कोल्हा होता, कोंबड्यांच्या खुराड्यापासून वीस पावलांवर.